क्रोमची चटक : अंबड तालुक्यातल्या एका बुलेटचं प्रकरण

गाडी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, २०२१ नंतरच्या बांधणीची. मालक अंबड तालुक्यातला, तिशीच्या आतला, घरी मोसंबीची बाग. गाडी हप्त्यावर घेतलेली, दसऱ्याच्या मुहूर्तावर. गॅरेजवर आली तेव्हा तक्रार एकच होती : "रात्रीचा लाइट कमी पडू लागला, मिस्त्री." मागणी मात्र वेगळीच. सोबत गोणपाटात गुंडाळून त्यानं क्रोमचा नवा सेट आणला होता. सायलेन्सर, इंजिनाच्या दोन्ही बाजूंची कव्हरं, मागच्या दिव्याची जाळी आणि किरकोळ टोप्या-पट्ट्या. चुलतभावाचं लग्न तोंडावर आलेलं, वरातीत ही गाडी पुढं राहणार होती. दुकानदारानं ओळखीवर माल दिला होता. बसवला तर पैसे, नाही तर परत, अशी बोली.

म्हणजे निर्णय अजून व्हायचा होता, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं. एरवी अशी गाडी आमच्याकडे येते ती सगळं बसवून, पैसे मोजून, गंज चढल्यावर. तेव्हा सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

आधी पोराची बाजू. त्याला उधळ्या म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. लोकांनी टँकरचं विकतचं पाणी घातलं, तरी झाडं हाती लागली नाहीत. शेवटी उभ्या बागा तोडून लाकूड सरपणाच्या भावात दिलं. याच्या घरची बाग त्यातच गेली, तेव्हा हा शाळेत होता. पुढं शेततळं झालं, ठिबक आलं, नवी रोपं लावली, ती फळाला यायला वर्षं गेली. मग कुठं हातात बरे पैसे आले आणि दारात बुलेट उभी राहिली. वडिलांनी स्वतःच्या हातानं नारळ फोडला. अशा घरातल्या पोराला आपली गाडी गावात चमकली पाहिजे असं वाटत असेल, तर त्या वाटण्याला मी हलकं समजत नाही. त्या चकाकीमागं दहा वर्षांची कोरड आहे.

आता खरेदी कशी होत गेली ते बघू, कारण सगळी मेख त्या क्रमात आहे.

पहिला आला लेगगार्ड. हा घ्यायलाच हवा होता. गाडी जवळजवळ दोनशे किलोची. वाळूत नाही तर चिखलात कलंडली तर पाय आणि इंजिन दोन्ही वाचतात. शोरूममधला महाग वाटला म्हणून बाजारातला घेतला. तो बसला आणि त्याच्या लखलखाटापुढं आरशांच्या काळ्या दांड्या मळकट दिसू लागल्या. म्हणून गोल क्रोमचे आरसे. आरशांमुळं नजर पुढच्या दिव्यावर गेली, तर तिथं जाळी आली. मग पुढचा भाग भरल्यासारखा आणि मागचा ओकाबोका वाटू लागला, म्हणून पाठ टेकायची गादी लावलेलं क्रोमचं कॅरिअर. लेगगार्डवर जागा मोकळी दिसत होती, तिथं क्रोमच्या वाट्यांमधले दोन फॉग लॅम्प. अशाच आणखी लहानसहान वस्तू येत गेल्या. प्रत्येक वस्तू पाचशे ते अडीच-तीन हजारांची. एकदम पंचवीस हजार काढ म्हटलं असतं तर यानंच हात जोडले असते. आम्ही कागदावर एकेक वस्तू मांडून बेरीज केली तेव्हा आकडा पंचवीसच्या पुढं गेला, आणि तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. "मला तर दहा-बारा वाटू लागले होते," म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. एकदाच दिलेली रक्कम माणूस विसरत नाही, पण थोडी थोडी गेलेली लक्षात राहत नाही.

एक चकचकीत भाग शेजारच्या भागाला जुना करून टाकतो. जुना झालेला तो भाग कालपर्यंत चांगलाच होता, त्याच्यात काहीही बिघडलेलं नसतं. हे चक्र गाडी पूर्ण झाकेपर्यंत थांबत नाही. पोळ्याला आपण बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावतो, बेगड लावतो, पाठीवर झूल घालतो. दुसऱ्या दिवशी झूल उतरते आणि बैल औताला जातो. गाडीची झूल मात्र उतरत नाही, ती अंगावर घेऊनच गाडी शेताला जाते.

आणि ही गाडी शेताला जात होतीच. तिथूनच गंजाची गोष्ट सुरू होते. त्यासाठी क्रोम म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण दुकानात ते कुणी सांगत नाही.

आपण ज्याला क्रोम म्हणतो त्यात क्रोमियमचा थर नावापुरता असतो. शोभेच्या क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. खरी राखण करतो तो त्याच्या खालचा निकेलचा थर, चांगल्या कामात दहा-वीस मायक्रॉनचा किंवा त्याहून जाड. काही वेळा त्याच्याही खाली तांबं असतं. आरशासारखी चमक बरीचशी निकेलचीच. वरचं क्रोम त्या चमकेला निळसर छटा देतं आणि निकेल पिवळं पडू देत नाही. १९२० च्या दशकात हे तंत्र कारखान्यांत रुळलं. त्याआधीच्या मोटारसायकलींवर नुसतं निकेल असायचं आणि ते सारखं घासून उजळावं लागायचं. स्वस्त माल बनवणारा बचत करतो ती नेमकी निकेलमध्ये. वरचं क्रोम तसंच, चमक तशीच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दीड हजाराचा आणि चार हजारांचा लेगगार्ड शेजारी ठेवले तर फरक ओळखू येत नाही.

आणखी एक गोष्ट. क्रोमच्या थरात बारीक भेगा आणि छिद्रं असतातच. निकेल जाड असेल तर पाणी तिथंच अडतं. पातळ असेल तर ते लोखंडापर्यंत पोचतं, आणि मग उलटाच प्रकार होतो. जस्ताचा थर असता तर जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. निकेल-क्रोमखाली मात्र छिद्रापाशी लोखंडच आधी आणि वेगानं गंजतं. गंज फुगतो आणि वरचा थर उचलतो. म्हणून क्रोमवर दिसणारा तपकिरी ठिपका टाचणीच्या टोकाएवढा असला तरी आतला पसारा मोठा असतो.

आता या गाडीचं कॅरिअर. वरून बघितलं तर झकास. खाली वाकून डाव्या पट्टीवर बोट फिरवलं तर खरखर लागली. बॅटरी मारून पाहिलं, तर पोतं जिथं टेकतं त्याच रेषेत तपकिरी ठिपक्यांची ओळ. पट्टी जिथं वेल्ड केली होती त्या कोपऱ्यात पापुद्रा सुटला होता. नखानं उचलला तर चकचकीत कपटा हातात आला आणि खाली लाल गंज. मी विचारलं, काय बांधतो यावर? तो म्हणाला, "खताचं पोतं. पोटॅश असतं, कधी मिश्र खत."

तिथंच उत्तर मिळालं. मोसंबीला पोटॅश लागतं, आणि बाजारातलं साधं पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, हे पोटॅशियम क्लोराइड असतं. क्लोराइड हा क्रोम-निकेलचा जुना वैरी. पोत्याच्या शिवणीतून दाणे गळतात, कोपऱ्यात बसतात, थंडीतल्या दवानं ओले होतात, आणि रातभर त्यांचं काम चालू राहतं. कोपऱ्यातच का, याचंही कारण आहे. क्रोम चढवतात त्या रसायनाच्या टाकीत विजेचा प्रवाह उघड्या भागावर जास्त बसतो, खाचेत आणि वेल्डच्या आतल्या बाजूला कमी. म्हणजे जिथं खत साचतं तिथंच थर सगळ्यात पातळ. नळीच्या आत तर तो बहुधा पोचतच नाही. लेगगार्डच्या नळीच्या उघड्या तोंडात बोट घातलं की गंज बोटाला लागतो, तो त्यामुळंच.

त्यात धुण्याची भर. घरी बोअरचं पाणी, क्षारांचं. उन्हात गाडी धुऊन तशीच सोडली की पांढरे डाग. ते डाग काढायला याच्या ओळखीच्या वॉशिंग सेंटरवर कुणीतरी फरशी धुवायचं ॲसिड पाण्यात टाकून लावलं. त्या ॲसिडात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि ते क्रोमला सरळ खातं. डाग गेले, पण क्रोमचा थरही अशक्त झाला. हे काम करणाऱ्या पोरांना याची कल्पना नसते, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

दिव्याची तक्रार लवकर उलगडली. फॉग लॅम्प हॅलोजनचे, प्रत्येकी ५५ वॅटचे. दोन मिळून ११० वॅट, म्हणजे बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर प्रवाह. तो हेडलाइटच्या वायरला पीळ मारून, टेप गुंडाळून घेतलेला. रिले, म्हणजे जादा प्रवाह सांभाळणारा वेगळा स्विच, नाही; वेगळा फ्यूज नाही. मूळ वायरिंगनं हा भार कधी धरलेलाच नसतो. जोडाजवळचं प्लास्टिक तापून तपकिरी पडलं होतं. त्यात पुढच्या दिव्याची जाळी प्रकाश अडवत होती, तिच्या सळ्यांच्या सावल्या रस्त्यावर पडत होत्या आणि जाळीमागच्या काचेवर बसलेली धूळ पुसली जात नव्हती. रात्री उसाचे ट्रॅक्टर कसे चालतात हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. तिथं स्वतःच्या दिव्यावर जाळी लावणं मला कोणत्याही शोभेसाठी मान्य नाही. मागच्या दिव्याची जाळी तर त्याहून वाईट. आपण कुणाला दिसावं म्हणून असलेला तो दिवा.

गाडी स्टँडवर घेतल्यावर आणखी दिसलं. मागच्या टायरची नक्षी झिजून खूणपट्टीला आली होती, चेन कोरडी ठणठणीत, ऑइल बदलायची वेळ टळून गेलेली. लखलखत्या कॅरिअरच्या खाली गुळगुळीत टायर. मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच. पैसा नव्हता असं नाही. टायरचा पैसा आरशांत गेला होता.

नव्या सायलेन्सरबद्दल फार बोलावं लागलं नाही. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमांतल्या, गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर असतो, आणि इंधन किती सोडायचं हे इंजिनाचा संगणक त्या सेन्सरवरून ठरवतो. बाजारचा पोकळ सायलेन्सर बसवला की ते गणित बिघडतं. कायदाही सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल चालत नाही, आणि कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. राज्यातल्या कितीतरी शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडले, त्याचे व्हिडिओ त्यानंही बघितले होते. शिवाय एकपदरी क्रोमचा पाइप इंजिनाजवळ तापून पिवळा-निळा पडतोच. वरातीपुरता चकचकीत राहिला असता. इंजिनाची कव्हरं प्लास्टिकची होती, वर धातूची वाफ बसवून लाखेचा थर दिलेला. असल्या कव्हरांवर कोरड्या फडक्यानं आपली काळी धूळ पुसली की महिन्याभरात ओरखडे दिसतात, आणि हवेवर गार होणाऱ्या इंजिनाच्या पट्ट्या झाकल्या जातात ते वेगळंच.

एवढं दाखवून झाल्यावर तो गप्प होता. मग त्यानं खरा प्रश्न विचारला. "मग वरातीत गाडी अशीच नेऊ का?"

हा प्रश्न टाळून नुसतं "हे काढ, ते काढ" सांगितलं असतं तर सगळं वाया गेलं असतं. तो दुसऱ्या गॅरेजवर गेला असता, तिथं तासाभरात सेट बसला असता. गाडी चांगली दिसावी ही गरज मान्य करूनच पुढं जाता येणार होतं. म्हणून मी म्हटलं, गाडी इथंच ठेव, आहे तेच उजळून देतो, बघ आणि मग ठरव.

लेगगार्ड ठेवला. त्यावरचे ठिपके घरगुती ॲल्युमिनियम फॉइल पाण्यात भिजवून घासले. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळं क्रोमला ओरखडा जात नाही, पण गंज निघतो. मग पुसून, वाळवून, वर मेण. नळीच्या आत पातळ ऑइल सोडलं आणि खालचं बुजलेलं छिद्र मोकळं केलं म्हणजे पाणी साचणार नाही. मूळ आरसे परत आले, कारण बाजारच्या आरशांत साठच्या वेगाला मागची गाडी नुसती थरथरताना दिसायची. पुढची जाळी निघाली. फॉग लॅम्पच्या वाट्या राहिल्या, आत कमी वॅटचे एलईडी, बॅटरीवरून वेगळी लाइन, रिले आणि फ्यूजसह, रोख खाली. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा दिवा मी बसवून देत नाही.

कॅरिअरवर मात्र अडलं. माझं मत होतं काढून टाकावं. संध्याकाळी वडील आले, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाकी काय करायचं ते करा मिस्त्री, त्या गादीला हात लावू नका. याच्या आईला पाठ टेकायला लागते. जालन्याला दवाखान्यात जायचं तर तिला दुसरं काही झेपत नाही." मी लगेच मत बदललं. जी वस्तू कामाची आहे तिचं क्रोम असणं हा दुय्यम मुद्दा. प्रश्न त्या कॅरिअरला वाचवायचं कसं एवढाच होता. पुन्हा क्रोम मारून घेणं परवडलं नसतं. जुना थर उतरवून निकेलपासून सुरुवात करावी लागते, आणि स्वस्तात करून देणाऱ्या ठिकाणी क्रोमच्या टाकीवर उभी राहणारी माणसं काय श्वासात घेतात हे मी बघितलंय. त्या टाकीतलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोग करणारं आहे. स्वस्त चमकेची ती किंमत आपल्या बिलात कधीच येत नाही. म्हणून कॅरिअर वाळूच्या माऱ्यानं साफ करून काळं पावडर कोटिंग करून घेतलं. "काळं?" म्हणून पोरगा नाराज झाला. बसवल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की काळ्या कॅरिअरशेजारी कंपनीचं मूळ क्रोम जास्त उठून दिसतं.

कंपनीचं क्रोम वेगळं का टिकतं, तेही त्याला सांगितलं. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. त्याच्या आधारानं वाळूजला सुट्या भागांचे कितीतरी कारखाने उभे राहिले, आपल्या गावागावातली पोरं तिथं लागली. कुठल्याही गाडीच्या कंपनीला भाग पुरवायच्या अशा कामात मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी असते. ठरलेले तास नमुना त्या फवाऱ्यात ठेवतात आणि ठिपका दिसला तर माल परत. बाजारातल्या बिनबिलाच्या लेगगार्डनं मिठाचा पहिला फवारा बघितला तो याच्या पोटॅशचा. ज्याला क्रोमची हौस आहे त्यानं घेतानाच जास्त क्रोमची आवृत्ती घ्यावी, क्लासिकमध्ये कंपनी तशा देतेच, असं माझं ठाम मत आहे.

सेट परत गेला. दुकानदारानं कुरकुर केली, पण बोली बोलीच राहिली. वाचलेल्या पैशातून मागचं टायर, चेनची साफसफाई, ऑइल. तरी एक वस्तू त्यानं हट्टानं घेतली आणि मीही आडवा आलो नाही : पॉलिश केलेल्या स्टेनलेस स्टीलचा साडी गार्ड. साडी गार्ड नियमानं लागतोच, आणि मूळचा चेपलेला होता. चुंबक लावून बघितलं, चिकटला नाही, म्हणजे ३०४, स्टेनलेसची चांगली जात, असण्याची शक्यता. २०० जातीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही आणि ते लवकर डागाळतं, म्हणून जात बिलावर लिहून घेतली. स्टेनलेसची चमक क्रोमइतकी निळसर नसते, जराशी उबदार दिसते. पण तिथं सोलून निघायला थरच नाही. ओरखडा गेला तर पुन्हा पॉलिश करता येतं.

वरात झाली, झेंडूच्या माळा घालून गाडी पुढं राहिली. माळांची तार टाकीला घासू नये म्हणून त्यानं खाली फडकं टाकलं होतं, ते माझ्या लक्षात राहिलं.

पावसाळ्यानंतर सर्व्हिसिंगला आला तेव्हा लेगगार्डच्या वेल्डवर परत ठिपके होते. निकेलच पातळ, तर ते येतच राहणार. ते त्यानं स्वतःच शोधले होते आणि फॉइलनं काढलेही होते. पोटॅश आता ट्रॅक्टरमधून येतं. अगदीच वेळ आली तर पोत्याखाली प्लास्टिकचा कागद आणि घरी आल्यावर साध्या पाण्यानं धुऊन कोरडं करणं, एवढं तो करतो.

मोह गेलाय असं नाही. परवा फोन आला. टाकीचं क्रोमचं झाकण मिळू लागलंय, घेऊ का? मी विचारलं, झाकणाचं रबर कसं आहे? पावसात रबरातून पाणी उतरलं तर फ्यूएल इंजेक्शनच्या पंपापर्यंत जातं आणि काम टाकी उतरवण्यावर येतं. "बघून सांगतो," म्हणाला. अजून त्याचा फोन आलेला नाही.